काचेतलं रान

“मावशीकडं पाहुणी म्हणून राहू नकोस, दीपमाला. तिच्या हाताखाली काम कर. कृष्णाला सांभाळ. आणि तिच्या पोटावर पाय येईल असं काही करू नकोस.”

एस.टी. हलता हलता खिडकीशी येऊन आईनं हे बजावलं होतं. मुकुंदवाडीहून फर्दापूरला येऊन पाच दिवस झाले, तरी तो आवाज दीपमालाच्या कानातून जात नव्हता. आज तर मुळीच जात नव्हता, कारण तिचा धाकटा भाऊ कृष्णा ‘वनछाया’ लॉजच्या मागच्या खड्ड्यात गुडघाभर पालापाचोळ्यात उभा होता. या लॉजवर तिची पारूमावशी झाडलोट करायची आणि मागच्याच एका खोलीत राहायची. मुलांनी खड्ड्याकडं फिरकायचं नाही, असं मालक कचरूभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

“वर ये. मावशीला बोलणी बसतील.”

“थांब की. चेंडू इथंच पडलाय.” कृष्णानं दोन्ही हातांनी पाला उपसला आणि एकदम थांबला. मग त्यानं ओंजळ वर केली.

ओंजळीत चेंडू नव्हता. एक पक्षी होता, मेलेला. मूठभर देह, पण त्यावर किती रंग असावेत! पाठ हिरवी, छाती पिवळसर, पोटाखाली कुंकवासारखा लाल, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी आणि पंखावर निळाईचा एक तुकडा. शेपटी इतकी आखूड, की कुणी कात्रीनं छाटल्यासारखी वाटावी.

खड्ड्याच्या काठावर बसलेली मुबश्शिरा पुढं वाकली. ती मावशीच्या शेजारची, दीपमालाहून वर्षानं लहान. तिचे अब्बा चांदपाशा लेणीच्या रस्त्यावर जीप चालवायचे, आणि अम्मी आबेदा लग्नघरी मेंदी काढायला जायची. मुबश्शिरा एरवी मराठी बोलायची, घाबरली की तिच्या तोंडून दखनी यायची.

“अगे, ये क्या गे? अजून पण हैं नीचे.”

खरंच होते. आणखी तीन. एक होता चिमुकला, निळ्या पाठीचा आणि नारिंगी गळ्याचा. बाकीचे दोन मुंग्यांनी ओळखू येण्यापलीकडं नेले होते.

त्या दुपारी मावशीच्या खोलीमागं तिघांची सभा भरली. कृष्णा म्हणाला, मांजर. मुबश्शिरानं त्याला विचारलं, की तुझ्यापुढं मटण ठेवलं तर तू ते न खाता खड्ड्यात नेऊन टाकशील का. कृष्णा ओशाळला. मग संशय गेला गलोलवाल्या पोरांवर, पण पक्ष्यांच्या अंगावर खडा लागल्याची खूण नव्हती. विष म्हणावं, तर लॉजवर उंदरांचं औषधसुद्धा आणलेलं नव्हतं; मुबश्शिरानं स्वयंपाकघरात जाऊन विचारून घेतलं. शेवटी ठरलं ते एवढंच, की पहाटे उठून पाहायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिघं लॉजच्या पुढल्या अंगणात वडाआड बसली. वडाच्या अगदी समोर लॉजची नवी जेवणाची खोली होती. कचरूभाऊंनी तिची ही बाजू जमिनीपासून छतापर्यंत काचेची केली होती. पाहुण्यांना रानात बसून जेवल्यासारखं वाटलं पाहिजे, असं ते ज्याला त्याला सांगत. मावशी आतल्या बाजूनं फरशी पुसत होती. वडावरून दोन सुरांची एक शीळ आली. थोड्या वेळानं करंजाकडून तशीच दुसरी. जणू एक जण हाक मारतोय आणि दुसरा ओ देतोय.

आणि मग धप्प असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. ओली उशी भिंतीवर आपटावी तसा.

काचेखालच्या फरशीवर नवरंगी पक्षी पडला होता, कालच्यासारखाच. पण हा श्वास घेत होता.

दीपमालानं त्याला ओढणीत उचललं. त्याचं काळीज तिच्या तळहातावर वेगानं धडधडत होतं. तिघांनी त्याला खोलीत नेलं आणि मावशीच्या भाकरीच्या टोपलीत ठेवलं. आता याला खायला द्यायला हवं. ते काय, हे दीपमालाला पक्कं ठाऊक होतं. मुकुंदवाडीच्या घरी आई रोज पत्र्यावर चिमण्यांना दाणे टाकल्याशिवाय स्वतः घास घेत नसे. तो तिचा नेम होता; ताप असला तरी मोडायचा नाही. दीपमालानं तांदळाची कणी भिजवून पुढं ठेवली. पक्ष्यानं पाहिलंसुद्धा नाही. मग तिनं कापसाची वात दुधात बुडवून चोचीशी धरली. दोन थेंब आत गेले, दोन नाकाशी ओघळले.

“पितोय बघ,” कृष्णा कुजबुजला.

दाराशी कुणीतरी उभं होतं. कचरूभाऊंच्या आई, भामाबाई. सकाळची तुळशीला पाणी घालून परतत होत्या. त्या काठी टेकत आत आल्या आणि टोपलीत पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“नवरंग हाय हा. दूध कुणी पाजलं, बाळांनो?”

दीपमालानं वात मुठीत लपवली.

“दाण्याचा पक्षी न्हवं हा. पाला उलटून किडं, गांडुळं खातो. माझ्या माहेरच्या रानात पावसाच्या तोंडावर दरसाल यायचा. जा, ओल्या जागी उकरा. पळा.”

तिघं पळाली. नळाखालची ओली माती उकरून त्यांनी पाच गांडुळं मिळवली. कृष्णानं ती हातातच धरली, पान शोधायलासुद्धा थांबला नाही. ती परत आली, तेव्हा भामाबाई टोपलीशेजारी बसल्या होत्या, आणि टोपलीवर त्यांनी आपल्या पदराचं टोक घातलं होतं.

“गेला?” कृष्णानं विचारलं.

“मार आतून बसला होता त्याला,” भामाबाई हळू म्हणाल्या. “तुमच्यानं काय होणार होतं?”

दीपमाला त्या दोन थेंबांकडं पाहत राहिली, जे टोपलीच्या वेतावर अजून सुकले नव्हते.

त्यांनी त्याला करंजाखाली पुरलं. माती सारखी करत असताना वडावरून शीळ आली. दोन सूर. मग थोडी शांतता. मग पुन्हा तेच दोन सूर. करंजाकडून ओ देणारं आता कुणी नव्हतं.

“अब ये बी मरेगा,” मुबश्शिरा म्हणाली. “इसी जगह.”

आणि दीपमालाला तेव्हाच कळलं, की आता हा एकच पक्षी महत्त्वाचा आहे. बाकीच्यांसाठी काही करता येत नव्हतं. हा अजून जिवंत होता.

तिघं काचेपाशी गेली. कृष्णानं बोट दाखवलं. काचेवर, त्याच्या डोक्यापेक्षा थोडं वर, धुळीचा एक ठसा होता: पसरलेले दोन पंख आणि मध्ये छाती, एकेक पीस मोजता येईल इतका स्पष्ट. त्या ठशाभोवती काचेत वड होता, करंज होता, आभाळ होतं. समोरचं सगळं रान जसंच्या तसं काचेत उभं होतं. पक्ष्याला त्यात कुठं भिंत दिसणार?

तेवढ्यात एक ओलं फडकं त्या ठशावरून फिरलं आणि ठसा नाहीसा झाला. फडकं पारूमावशीच्या हातात होतं.

“मावशी, तुला माहीत होतं?”

मावशीनं मान खाली घातली. सात वाजायच्या आत काच लख्ख हवी आणि खाली काही पडलेलं दिसता कामा नये, ही मालकांची ताकीद होती. जानेवारीत काच बसली तेव्हापासून ती रोज सकाळी पुसत होती, उचलत होती, खड्ड्यात टाकून वर पाला ओढत होती. पहिल्या दिवशी ती बोलली होती. मालक हसले होते. नंतर ती बोलली नाही.

“मी काय करणार, पोरी?” ती म्हणाली. “उचलताना ‘राम राम’ म्हणती. एवढंच व्हतं माझ्यानं.”

त्या दिवशी दीपमाला कचरूभाऊंकडं गेली. ते काही दुष्ट नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, फोनवर बोलता बोलता तिचं ऐकूनही घेतलं. मग म्हणाले, रानात पक्षी मरायचेच, आणि काच ही या लॉजची शोभा आहे, लोक तिचे फोटो बघून येतात. पडदा लावायचा, तर काच बसवलीच कशाला? शेवटी त्यांनी मावशीला हाक मारली आणि तिच्याकडं न बघताच सांगितलं, की पोरांना आवरता येत नसेल, तर त्यांना घरी पाठवा. किंवा मग तुम्हीच बघा काय ते.

मावशी “जी” म्हणाली. बाहेर आल्यावर ती दीपमालाला एक शब्दही रागावली नाही. त्याचंच दीपमालाला जास्त लागलं.

पुढचे चार दिवस फार वाईट गेले. मुबश्शिरानं काचेबाहेरच्या खिळ्याला जुनी चादर टांगली. ती न्याहारीच्या आत काढली गेली. कृष्णानं वर्तमानपत्रं चिकटवली. ती मावशीलाच खरवडायला लागली आणि तिची नखं सोलवटली. मग दीपमालानं काही करायचंच सोडून दिलं. ती फक्त पहाटे उठून काचेपुढं उभी राहायची आणि पक्षी खाली आला की ओढणी हलवायची. वडाखालच्या पाल्यात तो टुणटुण उड्या मारायचा, पान उलटायचा, किडा टिपायचा, मान वर करून शीळ घालायचा. ती हलली की तो मागं उडायचा, रानाकडं. पण ती दिवसभर तिथं उभी राहू शकत नव्हती. आणि पुढल्या सोमवारी शाळा उघडणार होती.

“तू गेल्यावर मी उभी राहते,” मुबश्शिरा म्हणाली.

“तुझी शाळा?”

तिचीही सोमवारीच उघडणार होती.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मावशी दारापुढं रांगोळी काढत होती. उद्या गावातल्या बायका याच वडाला पुजायला येणार होत्या. दीपमाला शेजारी बसून बघत होती. मावशीनं आधी ठिपके घातले, आडवे पंधरा, उभे पंधरा, तीन-तीन बोटांच्या अंतरावर, एकही वाकडा नाही.

दीपमालानं दोन ठिपक्यांमध्ये आपली मूठ ठेवून पाहिली. मूठ बसेना. नवरंग तिच्या मुठीएवढाच होता. मग काचेवर असे ठिपके असले, तर त्याला तरी आत जायला वाट कशी दिसेल?

ती उठली आणि चिमूटभर रांगोळी घेऊन मागच्या खिडकीच्या काचेवर टेकवली. रांगोळी भुरभुर खाली सांडली. उभ्या काचेवर रांगोळी कशी राहणार? तिनं पीठ कालवून बोटानं लावलं, तर त्याचे ओघळ आले. कृष्णा म्हणाला, की हे ठिपके नाहीत, शेंबूड आहे. दीपमालाला रडूच आलं.

मुबश्शिरा तोवर गप्प बसून बघत होती. ती उठून घरी गेली आणि अम्मीचे मेंदीचे चार रिकामे कोन घेऊन आली.

“रांगोळी मला येत नाही,” ती म्हणाली. “पर ठिपका मैं सीधा देती. नवरीच्या हातावर देते, काचेवर नाही देणार?”

मग मावशीच्या नकळत खटपट सुरू झाली. मैद्याची घट्ट खळ शिजवली, तिच्यात पांढरी खडूमाती घोटली आणि ती कोनात भरली. मुबश्शिरानं कोनाचं टोक छाटलं, काचेला टेकवलं, दाबलं, उचललं. गोल, टपोरा ठिपका. खाली ओघळला नाही.

“मावशीला सांगायचं?” कृष्णानं विचारलं.

दीपमालानं खूप वेळ विचार केला. सांगितलं तर मावशी अडकेल, आणि न सांगितलं तरी तिच्यावरच येईल. शेवटी ती म्हणाली, की नाही सांगायचं, आणि कचरूभाऊंपुढं आपणच उभं राहायचं.

पौर्णिमेच्या सकाळी झुंजूमुंजू झालं आणि तिघं कामाला लागली. कृष्णा दोरी धरून सरळ ओळी आखत होता. मुबश्शिरा स्टुलावर चढून वरचे ठिपके देत होती, दीपमाला खालचे. दीपमालाचे ठिपके आधी वाकडे पडले, मग जमले. हजारावर ठिपके झाले असतील. बाकी होती ती एकच ओळ, तेव्हा मागं बादली ठेवल्याचा आवाज झाला.

मावशी फडकं हातात धरून उभी होती.

दीपमाला काचेपुढून बाजूला झाली. “पुसायचं असेल तर पूस, मावशी. मी आड येणार नाही.”

मावशीनं काच वरपासून खालपर्यंत पाहिली. वडावर शीळ झाली. तिनं फडकं पिळलं, बादलीच्या काठावर टाकलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “आज पूजेचा दिस. पूजा व्हईस्तोवर रांगोळी पुसत नसत्यात.”

आठ वाजता बायका आल्या. वडाला सुताचे फेरे सुरू झाले. येणारी प्रत्येक जण आधी काचेपाशी थांबायची. अशी उभी रांगोळी कुणी पाहिलीच नव्हती. कुणी फोटो काढला, कुणी ठिपके मोजू लागलं. कचरूभाऊ चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि जागीच थबकले.

“हे काय करून ठेवलंय? पारूबाई!”

“मावशीला माहीत नव्हतं,” दीपमाला पुढं होऊन म्हणाली. “मी केलंय. मला काय बोलायचं ते बोला.”

ओसरीवर बसलेल्या भामाबाईंनी विचारलं, “कचरू, काय झालं?”

“आई, काच आहे ती. पाहुण्यांना रान दिसायला नको का?”

“दिसतंय की. ठिपक्यांमधून दिसतंय.” भामाबाई तेवढंच बोलल्या. पण सुताची गुंडी हातात धरून पंधरा-वीस बायका कचरूभाऊंकडं बघत होत्या, आणि सणाच्या दिवशी त्यांच्यादेखत रांगोळी पुसायला लावेल असा माणूस फर्दापुरात मिळाला नसता. कचरूभाऊंनी कप तोंडाला लावला. ‘दुपारी बघू,’ असं काहीसं पुटपुटले.

दुपार म्हणजे बायका गेल्यावर. दीपमालाला ते कळत होतं. एक एक बाई नमस्कार करून निघत होती. शेवटी अंगणात उरले कचरूभाऊ, भामाबाई, मावशी आणि मुलं. मावशीनं न सांगताच बादली उचलली.

त्याच वेळी नवरंग खाली उतरला. वडाखाली सांडलेल्या फुलांत दोन उड्या मारल्या, पान उलटलं. कुणी हललं नाही. मग कुठंसं कुत्रं भुंकलं आणि तो दचकून उडाला, सरळ काचेच्या दिशेनं.

दीपमाला पुढं झेपावली. ओढणी हलवायलाही वेळ नव्हता.

काचेपासून हातभरावर त्यानं पंख फिरवले. पोटाखालचा लाल रंग क्षणभर काचेत चमकला, आणि तो वळून करंजाच्या फांदीवर जाऊन बसला. थोडा वेळ मान इकडंतिकडं करत राहिला. मग त्यानं शीळ घातली.

कचरूभाऊंचा चहा गार झाला होता. ते काचेजवळ गेले, एका ठिपक्याला बोट लावून पाहिलं.

“किती झाले आजवर?” त्यांनी विचारलं. मावशीला विचारलं, आणि या वेळी तिच्याकडं बघून.

मावशीनं बादली खाली ठेवली. नुसते डोळे पुसले. बहुधा तेच त्यांना जास्त कळलं. मग ते म्हणाले, की बादली आत न्या.

संध्याकाळी भामाबाईंनी तिघांना पुरणपोळी वाढली. मुबश्शिराच्या हातातला कोन घेऊन चष्म्याजवळ धरून पाहिला आणि आपल्या मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, “शिकल्या-सवरल्या माणसाला सहा महिन्यांत सुचलं नाय, ते या लेकरांनी एका रातीत केलं. पांडुरंग यांचं भलं करो.” कचरूभाऊ हसले, कान पकडले आणि कृष्णाला आणखी एक पोळी वाढली. काचेवर कायमचे ठिपके बसवून घेतो, असंही ते म्हणाले. कारागीर संभाजीनगरहून यावा लागेल. पावसाळा उलटल्यावर येईल.

पावसाळा उलटल्यावर. तोवर नवरंग परत गेलेला असेल.

आणि झडीचा पाऊस गुरुवारीच आला. शुक्रवारी अर्धे ठिपके धुऊन निघाले होते. मुलींनी ते पुन्हा दिले. शनिवारी पुन्हा तेच. रविवारी सकाळच्या जीपनं दीपमाला आणि कृष्णाला निघायचं होतं. मुबश्शिराची सकाळची शाळा सोमवारपासून होती, ती सातला घर सोडणार. शनिवारी रात्री जेवताना दीपमालानं ताट बाजूला सारलं.

“एवढं करून पण काय उपयोग?” ती म्हणाली. “पाऊस काय रोज विचारून येणार आहे?”

मावशी भाकरी थापत होती. तिनं तव्यावरून नजर काढली नाही.

“मी घालीन,” ती म्हणाली. “पक्षी हाय तोवर. जा तू निवांत.”

“तुला कोन धरता येत नाही, मावशी.”

“मुबश्शिरा शिकवती म्हणली.”

आणि मावशीनं तव्यावरची भाकरी दीपमालाच्या ताटात टाकली.

रविवारी दीपमालाला जाग आली, तेव्हा बाहेर नुकतं फटफटत होतं. रात्रभर पडून पाऊस थांबला होता, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. कृष्णा झोपेत होता. मावशीचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं. चूल पेटलेली होती, पण चहाचं आधण चढलेलं नव्हतं. खळीचं पातेलं जागेवर नव्हतं.

दीपमाला दाराशी आली. ओल्या पायवाटेवरून पारूमावशी लॉजच्या अंगणाकडं चालली होती. पदर खोचलेला, एका हातात पातेलं, आणि काचेच्या वरच्या टोकापर्यंत तिचा हात पुरत नसल्यानं डोक्यावर स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल. वडावर शीळ झाली. मावशी क्षणभर थांबली, वर पाहिलं, आणि मग पाय न घसरू देता, सावकाश, पुढं निघाली.